दूरच्या नारिंगी बटू ताऱ्याची कुंडली घरबसल्या कशी मांडायची

नवा ग्रह सापडल्याची बातमी आली की त्यात हमखास एक ओळ असते, हा ग्रह एका नारिंगी बटू ताऱ्याभोवती फिरतो, ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या इतकं, तापमान इतकं, वय इतकं. आणि आपण ते सगळे आकडे सारख्याच विश्वासाने वाचतो. गडबड तिथेच होते, कारण त्यातले दोन-तीनच आकडे खरोखर मोजलेले असतात, काही त्यांच्यावरून गणिताने काढलेले असतात आणि एखाद-दोन तर चक्क मॉडेलला विचारून भरलेले असतात. कुठला आकडा कुठल्या जातीचा हे ओळखायचं असेल तर एकदा तरी स्वतः गणित करून बघावं. सगळा डेटा फुकट आहे, लॉग आणि वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर पुरतो, फक्त क्रम मोडायचा नाही. आधी अंतर, मग तेज, मग तापमान, त्यावरून त्रिज्या, आणि वस्तुमान, वय वगैरे सगळ्यात शेवटी.

सरावाला मी ६१ सिग्नी घेतो, हंस तारकासमूहातला जोडतारा, ए आणि बी, दोघेही नारिंगी बटू. जवळचा आहे, त्यामुळे आपलं उत्तर बरोबर आलं की नाही ते तपासता येतं. पद्धत एकदा हातात बसली की मग केप्लर-४४२ सारख्या लांबच्या ताऱ्याकडे जाऊ.

आधी तो बटूच आहे याची खात्री करा

नारिंगी बटू म्हणजे के प्रकारचा तारा जो अजून मुख्य श्रेणीवर आहे, म्हणजे गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम करतोय. तापमान साधारण ३९०० ते ५३०० केल्विन. सूर्य ५७७२. के० सगळ्यात गरम, के९ च्या पुढे लाल बटू सुरू होतात. पण रंग नारिंगी दिसला म्हणून तारा बटू ठरत नाही, आणि नवख्याचं गाडं इथेच अडतं. आकाशात नुसत्या डोळ्यांनी जे ठळक नारिंगी तारे दिसतात ना, रोहिणी, स्वाती, ते राक्षसी तारे आहेत. रोहिणीचा प्रकार के५ आणि ६१ सिग्नी ए चा पण के५, रंगात फार फरक नाही, पण रोहिणीची त्रिज्या सूर्याच्या चाळीसपटीहून जास्त आणि सिग्नीची सूर्यापेक्षाही कमी. फरक सांगतो तो प्रकाराच्या शेवटी लिहिलेला रोमन आकडा, पाच असेल तर बटू, तीन असेल तर राक्षसी. सिंबाद नावाच्या डेटाबेसमध्ये ताऱ्याचं नाव टाकलं की हा प्रकार लगेच दिसतो.

लांबच्या अंधुक ताऱ्यांचा वर्णपट बरेचदा कोणी घेतलेलाच नसतो, मग प्रकाराची जागा रिकामी. तेव्हा अंतरच कामाला येतं, ते पुढे येईल. वर्णपट असेल तर पृष्ठभागावरच्या गुरुत्वाचा आकडा बघा, लॉग जी म्हणतात तो. नारिंगी बटूंचा साधारण साडेचारच्या वर असतो (सूर्याचा ४.४४), राक्षसी ताऱ्यांचा तीनच्या खाली. बटू ताऱ्याचं वातावरण दाबाखाली असतं म्हणून सोडियम, मॅग्नेशियमच्या रेषा रुंद पसरलेल्या दिसतात, राक्षसी ताऱ्यात त्याच बारीक असतात.

वर्णपटाचा आलेख समोर असेल तर के प्रकार ओळखायला फार अवघड नाही. हायड्रोजनच्या रेषा मरगळलेल्या, जांभळ्या टोकाला ३९३४ आणि ३९६८ अँगस्ट्रॉमला कॅल्शियमच्या दोन खोल दऱ्या, ४२२७ ला कॅल्शियमचीच अजून एक ठसठशीत रेषा, आणि ५८९० जवळ सोडियमची जोडी. प्रकार के७ च्या आसपास गेला की टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे डोकं वर काढायला लागतात, ते जोरात दिसले तर तुम्ही लाल बटूंच्या हद्दीत शिरलात असं समजा.

अंतर, म्हणजे सगळ्याची किल्ली

६१ सिग्नी हा तारा इथे मुद्दाम घेतला त्याला अजून एक कारण आहे, अंतर मोजलं गेलेला हा पहिला तारा. पियाझी या खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की हा तारा आकाशात फारच भराभर सरकतो, वर्षाला पाच आर्कसेकंदांहून (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त, म्हणजे जवळचा असणार, आणि १८३८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेलने त्याचं लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत जेवढा सरकलेला दिसतो तो कोन) ०.३१४ आर्कसेकंद मोजलं. आजचा आकडा ०.२८६. त्या काळच्या दुर्बिणीने, डोळा लावून, दहा टक्क्यांच्या फरकात. कमाल आहे.

आज हे काम गाया या अंतराळ दुर्बिणीने करून ठेवलंय. २०१३ च्या डिसेंबरमध्ये उडाली, २०२२ च्या तिसऱ्या डेटा रिलीजमध्ये जवळपास दीड अब्ज ताऱ्यांची लंबनं आहेत. गायाच्या अर्काइव्हमध्ये ताऱ्याचं नाव टाका, लंबनाचा रकाना मिलीआर्कसेकंदात येतो, १००० ला त्याने भागलं की अंतर पार्सेकमध्ये. ६१ सिग्नी ए चं लंबन २८५.९९, म्हणजे ३.५० पार्सेक, ३.२६ ने गुणा, ११.४ प्रकाशवर्षं. झालं.

आता सावधगिरी. शेजारीच लंबनात किती चूक असू शकते तो रकाना असतो, तो बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही. चूक लंबनाच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर वरचा भागाकार चालतो, त्याहून वाढत गेली की हा सरळ भागाकार अंतर चुकवायला लागतो, मग लोकांनी सांख्यिकी पद्धतीने काढलेली अंतरं वापरावीत. दुसरा रकाना रूवे नावाचा. तो १ च्या आसपास हवा, १.४ च्या वर गेला तर ताऱ्याची हालचाल एकट्या ताऱ्यासारखी नाहीये, बहुतेक सोबती आहे, आणि मग त्या लंबनावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. हे दोन रकाने बघायला अर्धा मिनिट लागतो आणि तरी अर्धे लोक बघत नाहीत.

तेज काढताना

प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. दृश्य प्रत म्हणजे आपल्याला इथून दिसते ती, निरपेक्ष प्रत म्हणजे तारा दहा पार्सेकवर असता तर दिसली असती ती. सूत्र हे: निरपेक्ष प्रत = दृश्य प्रत − ५ × लॉग (अंतर ÷ १०), अंतर पार्सेकमध्ये. ६१ सिग्नी ए ची दृश्य प्रत ५.२१, उत्तर येतं ७.४९. सूर्याची निरपेक्ष प्रत ४.८३, फरक २.६६, म्हणजे दृश्य प्रकाशात हा तारा सूर्याच्या साडेअकरापट मंद. बऱ्याच जणांचं गणित इथेच थांबतं आणि ते तेजस्विता सूर्याच्या ०.०८६ पट लिहून मोकळे होतात. चूक. थंड ताऱ्याचा बराचसा प्रकाश अवरक्तात जातो, तो दृश्य प्रतीत मोजलाच जात नाही, म्हणून त्याची दुरुस्ती करावी लागते. के५ साठी ती उणे ०.७ च्या आसपास. खगोलशास्त्रज्ञ एरिक मामाजेक यांनी बटू ताऱ्यांचा एक मोठा तक्ता नेटवर खुला ठेवलाय, त्यात प्रत्येक उपप्रकारासमोर तापमान, रंग, ही दुरुस्ती सगळं मिळतं, तो डाउनलोड करून ठेवाच. दुरुस्ती केल्यावर प्रत ६.८, सूर्याची तशीच दुरुस्त केलेली प्रत ४.७४, आणि उत्तर आलं सूर्याच्या साधारण ०.१५ पट. जवळजवळ दुप्पट फरक पडला बघा.

बटू की राक्षसी हा मघाचा प्रश्नही इथे सुटतो. के प्रकारच्या बटूंची निरपेक्ष प्रत साधारण ६ ते ८ च्या पट्ट्यात बसते, राक्षसी तारा असेल तर ती शून्य-एकच्या घरात येईल. एवढा मोठा फरक कुठल्याही चुकीत लपत नाही. पण तुमचा तारा बटूंच्या पट्ट्यातच आहे पण त्या रंगाला जेवढा असायला हवा त्याहून साधारण पाऊण प्रत जास्त तेजस्वी निघतोय, तर हुरळून जाऊ नका, दोन सारखे तारे एकाला एक चिकटून दिसत असतील. दोन सारख्या ताऱ्यांचा प्रकाश एकत्र केला की तेज बरोबर ०.७५ प्रतीने वाढतं.

तापमान, आणि रंगाची फसवाफसवी

तापमान रंगावरून काढतात. गायामध्ये निळ्या आणि लाल पट्ट्यातल्या प्रतींचा फरक दिलेला असतो, के बटूंसाठी तो साधारण १ ते १.८. तक्त्यात शोधा, तापमान मिळतं. ६१ सिग्नी ए साठी सुमारे ४४०० केल्विन. या तापमानाला उत्सर्जनाचं शिखर ६६० नॅनोमीटरच्या आसपास येतं, म्हणजे चक्क लाल रंगात, पण बाकीचे रंगही भरपूर असल्यामुळे डोळ्याला दिसतो तो फिकट नारिंगी-पिवळा. फोटोत दाखवतात तसा निखाऱ्यासारखा अजिबात नाही. छोट्या टेलिस्कोपमधून ६१ सिग्नीचे दोन्ही तारे ३० आर्कसेकंदांच्या आसपास अंतरावर सुटे दिसतात, दोन जुळे सोनेरी ठिपके, बघायला छान वाटतात.

जवळच्या ताऱ्यापुरतं ठीक. तारा लांबचा असेल तर मधली धूळ निळा प्रकाश जास्त खाते आणि तारा आहे त्यापेक्षा लालसर दिसतो. म्हणजे सूर्यासारखा पिवळा तारा धुळीमागे असेल तर नारिंगी बटूचं सोंग घेऊ शकतो. शिवाय धूळ त्याला अंधुकही करते, म्हणजे तेजस्विताही कमी येते, दोन्ही चुका एकमेकींना साथ देतात आणि उत्तर अगदी पटण्यासारखं दिसतं, हे जास्त धोक्याचं. उपाय दोन. आकाशगंगेच्या धुळीचे त्रिमितीय नकाशे उपलब्ध आहेत, दिशा आणि अंतर टाकलं की लाली किती ते कळतं, ती वजा करायची, आणि निळ्या-दृश्य रंगातल्या लालीच्या ३.१ पट दृश्य प्रतीत अंधुकपणा धरायचा. नाहीतर टू-मास सर्व्हेच्या अवरक्त प्रती वापरा, त्यातल्या सगळ्यात लांब तरंगलांबीच्या पट्ट्यात धुळीचा त्रास दृश्य प्रकाशाच्या एक दशांशावर येतो. वर्णपटावरून काढलेलं तापमान मिळत असेल तर ते कधीही चांगलं, रेषांना धुळीचं फारसं सोयरसुतक नसतं.

गायाच्या अर्काइव्हमध्ये तापमान तयार दिलेलं असतं, ते घ्यायचा मोह होतो. घ्या, पण त्यात किती चूक असू शकते तो आकडा तिथे फार लहान दाखवतात. के बटूसाठी शंभरेक केल्विन इकडे-तिकडे धरून चाला.

त्रिज्या

तेजस्विता आणि तापमान हातात आलं की त्रिज्या आपोआप येते, सूर्याच्या पटीत: तेजस्वितेचं वर्गमूळ गुणिले (५७७२ ÷ तापमान) चा वर्ग. ०.१५३ चं वर्गमूळ ०.३९, ५७७२ ला ४४०० ने भागून वर्ग केला तर १.७२, गुणाकार ०.६७. आता गंमत बघा, २००८ मध्ये इंटरफेरोमीटरने (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या यंत्राने) या ताऱ्याचा कोनीय व्यास थेट मोजला होता आणि त्रिज्या आली ०.६६५. कॅल्क्युलेटरवर काढलेलं उत्तर आणि थेट मोजलेलं उत्तर असं जुळलं की बरं वाटतं राव. तापमानाचा वर्ग होतो हे मात्र लक्षात ठेवा, तापमानात दोन टक्के चूक म्हणजे त्रिज्येत चार टक्के.

वस्तुमान, आयुष्य, वय: इथून पुढे जमीन भुसभुशीत

वस्तुमान मोजायला ताऱ्याभोवती काहीतरी फिरायला लागतं. ६१ सिग्नीचे दोघे एकमेकांभोवती फिरतात, एका फेरीला सहाशेहून जास्त वर्षं, त्यावरून ए चं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.७ आणि बी चं ०.६ च्या जरा वर. एकट्या ताऱ्याचं वस्तुमान मॉडेलवरूनच येतं. ढोबळ नियम वापरायचा तर तेजस्वितेचं चौथं मूळ काढा, इथे ०.६३ येतं, खरं ०.७, म्हणजे दहा टक्के चूक. अंदाजापुरतं ठीक, पण बातमीत ०.६१२ असं तीन दशांशांपर्यंत वाचलं की समजायचं, शेवटचे आकडे शोभेचे.

एकूण आयुष्यमान मात्र मजेशीर निघतं. सूर्याचे दहा अब्ज वर्षं धरून वस्तुमान भागिले तेजस्विता केलं की ०.७ ÷ ०.१५३, जवळपास ४६ अब्ज वर्षं. विश्वाचं वय १३.८. म्हणजे एवढ्या वस्तुमानाचा एकही नारिंगी बटू आजवर म्हातारा होऊन मेलेला नाही, मरूच शकत नाही.

आणि म्हणूनच त्याचं वय काढणं महाकर्मकठीण. तीन अब्ज वर्षांचा आणि आठ अब्ज वर्षांचा नारिंगी बटू तेजात, रंगात जवळपास सारखेच. मग लोक स्वतःभोवती फिरण्याचा वेग बघतात, तारा म्हातारा होत जातो तसा हळू फिरतो. एप्सिलॉन एरिडानी, यमुना तारकासमूहातला के२ बटू, अकरा-बारा दिवसांत एक गिरकी घेतो, वय एक अब्ज वर्षांच्या आत. ६१ सिग्नी ए ला पस्तीसेक दिवस लागतात, तो कैक अब्ज वर्षांचा. हे घड्याळ छान वाटतं, पण एनजीसी ६८११ या अब्ज वर्षं वयाच्या तारकागुच्छात बघितलं तर तिथले के बटू त्यांच्यापेक्षा बरेच तरुण असलेल्या ताऱ्यांइतक्याच वेगाने फिरताना सापडले, म्हणजे मधल्या काळात त्यांचं मंदावणं थांबूनच गेलं होतं. तेव्हा के बटूचं वय कुठे छापलेलं दिसलं तर आधी ते कशावरून काढलंय ते बघा, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर सरळ सोडून द्या, माझं स्पष्ट मत.

ताऱ्याची चंचलता बघायची असेल तर त्या कॅल्शियमच्या दोन दऱ्यांच्या तळाशी बघतात, चुंबकीय हालचाल वाढली की तळाशी चमक येते. माउंट विल्सन वेधशाळेत ऑलिन विल्सन यांनी १९६६ पासून हे मोजायला घेतलं, आणि ६१ सिग्नी ए मध्ये साधारण सात वर्षांचं चक्र सापडलं, सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रासारखंच.

आता लांबचा तारा

केप्लर-४४२, स्वरमंडळ तारकासमूहात, लंबन तीन मिलीआर्कसेकंदांच्याही आत, अंतर सुमारे १२०० प्रकाशवर्षं. आपला ६१ सिग्नी ए उचलून तेवढ्या अंतरावर नेऊन ठेवला तर त्याची प्रत येईल १५.३, आणि केप्लर-४४२ ची प्रत १५ च्या आसपासच आहे. म्हणजे साधारण त्याच कुळातला तारा, तापमान ४४०० च्या घरात, प्रसिद्ध झालेली त्रिज्या ०.६०, वस्तुमान ०.६१. सूत्रात टाकून बघा, तेजस्विता ०.१२ येते.

याच्याभोवतीच्या ग्रहाची घोषणा २०१५ मध्ये झाली, ११२.३ दिवसांत फेरी, त्रिज्या पृथ्वीच्या १.३४ पट. आता ही त्रिज्या कशी आली ते बघा. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किती घटला तेवढंच दुर्बिणीने मोजलं, इथे साधारण ०.०४ टक्के. त्याचं वर्गमूळ म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर, सुमारे ०.०२. बस, एवढंच मोजमाप. पुढे ताऱ्याची त्रिज्या गुणली की ग्रहाची त्रिज्या. उद्या कोणी म्हणालं की तारा दहा टक्के मोठा आहे, तर ग्रहही बसल्या जागी दहा टक्के मोठा होतो आणि त्याचं आकारमान ३३ टक्क्यांनी वाढतं, खडकाळ ग्रह वायूच्या गोळ्याकडे झुकायला लागतो. २०१८ ला गायाचा दुसरा डेटा आला तेव्हा केप्लर या ग्रहशोधक दुर्बिणीने बघितलेल्या हजारो ताऱ्यांच्या त्रिज्या नव्याने काढाव्या लागल्या ते याचमुळे.

ग्रहावर ऊन किती पडतं हेही ताऱ्यावरच अवलंबून. पृथ्वीइतकं ऊन हवं तर अंतर म्हणजे तेजस्वितेचं वर्गमूळ, ६१ सिग्नी ए साठी ०.३९ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक), म्हणजे आपला बुध सरासरी जिथे आहे तेवढंच, आणि तिथलं वर्ष १०६ दिवसांचं. केप्लर-४४२ चा ग्रह ०.४ एककाच्या जवळपास, त्याला पृथ्वीच्या सुमारे ७० टक्के ऊन मिळतं. लाल बटूंच्या ग्रहांना एवढ्या उन्हासाठी ताऱ्याला फारच चिकटून राहावं लागतं आणि वरून भडके सोसावे लागतात, त्या मानाने नारिंगी बटू शांत, म्हणून जीवसृष्टी शोधणाऱ्यांची यांच्यावर नजर असते. तिथे राहता येतं अशा हेडलाइन्स यावरून काढतात त्या मात्र मनावर घेऊ नका, ऊन किती पडतं एवढंच यातून कळतं, हवा आहे की नाही याचा पत्ता नाही.

लांबच्या ताऱ्याला अजून एक तपासणी करायचीच. केप्लरच्या एका पिक्सेलमध्ये आकाशाचा चार आर्कसेकंदांचा तुकडा मावतो, टेस या दुसऱ्या ग्रहशोधक दुर्बिणीच्या पिक्सेलमध्ये २१ आर्कसेकंदांचा, त्यात शेजारचा तारा सहज घुसतो आणि त्याचा प्रकाश मिसळला की घट उथळ दिसते, ग्रह खरा आहे त्यापेक्षा छोटा वाटतो. अलादीन नावाचा ऑनलाइन आकाश-नकाशा उघडा, त्या जागेवर गायाचे तारे लावा आणि आजूबाजूला कोण आहे ते डोळ्यांनी बघा.

आणि ग्रह समोरून जाणारा असेल तर ताऱ्याची उलटतपासणी फुकटात होते. फेरीचा काळ, ताऱ्यासमोरून जायला लागलेला वेळ आणि प्रकाशातल्या घटीच्या आलेखाचा आकार, यांवरून ताऱ्याची सरासरी घनता निघते, कक्षा जवळपास गोल असली की पुरे, यात अंतर नाही, धूळ नाही, रंग नाही. तुमच्या वस्तुमानाला त्रिज्येच्या घनाने भागा, केप्लर-४४२ साठी ०.६१ ÷ ०.२१६ म्हणजे सूर्याच्या २.८ पट घनता. ही आणि ट्रान्झिटवरून (ग्रह समोरून जाण्यावरून) आलेली घनता जुळली तर तुमची त्रिज्या ठीक आहे. आकडा एकच्या खाली आला तर तुम्ही ज्याला बटू समजताय तो बटू नाही, किंवा ग्रह भलत्याच ताऱ्यासमोरून जातोय, आणि मग परत लंबनाच्या रकान्यापासून सुरुवात करायची.